वसतिगृहातील गरम पाणी आणि ऊर्जेचे राजकारण

कंधारसारख्या गावात सार्वजनिक इमारतींना उष्णता पुरवण्याचा प्रश्न कोणी काढला, तर ऐकणारा प्रथम हसेल. उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर चढणाऱ्या मराठवाड्याला आणखी उष्णता हवी कशाला, असे तो विचारील. शंका वरवर रास्त आहे. युरोपातील शाळा आणि रुग्णालये हिवाळ्यात खोल्या तापवल्याशिवाय चालत नाहीत. आपल्याकडे तशी गरज नाही. परंतु वसतिगृह, आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालय, अंगणवाडी आणि दुग्धशाळा या इमारतींत दिवसभर प्रत्यक्षात काय चालते, हे जरा थांबून पाहिले म्हणजे ही शंका टिकत नाही. तेथे खोल्या तापवल्या जात नसतील. पण आंघोळीचे पाणी तापवावे लागते, शेकडो मुलांची खिचडी शिजवावी लागते, बाळंतिणीला व नवजात अर्भकाला ऊन पाणी द्यावे लागते, शस्त्रक्रियेची उपकरणे उकळावी लागतात, दूध तापवून निर्जंतुक करावे लागते. ही सगळी उष्णतेचीच मागणी आहे. ती भागवण्याचे आजचे मार्ग तीन: सरपण, गॅसची टाकी आणि विजेचे कॉइल.

चौथाही एक मार्ग आहे आणि गरिबांच्या संस्थांत तोच सर्वाधिक रूढ आहे. तो म्हणजे उष्णतेवाचून भागवणे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांवर येते, तेव्हा वसतिगृहातील दहा-बारा वर्षांचा मुलगा हौदातील थंड पाणी अंगावर घेतो, किंवा आंघोळच टाळतो. आंघोळ टळली की खरूज-नायटा येतो, आणि थंड पाणी घेतले की खोकला-ताप येतो. शेतमजुराच्या, ऊसतोड कामगाराच्या आणि आदिवासीच्या मुलाला थंड पाण्याची सवयच असते, असे समाधान यावर करून घेतले जाते. ज्यांच्या घरात गिझर आहे, त्यांनी काढलेला हा निष्कर्ष आहे. ऊर्जेचा प्रश्न हा मूलतः वाटपाचा प्रश्न आहे, याचे याहून साधे उदाहरण शोधावे लागणार नाही.

साधे गणित

प्रथम हिशेब मांडला पाहिजे. शंभर विद्यार्थ्यांचे एक वसतिगृह घ्यावे. प्रत्येकाला आंघोळीस वीस लिटर कोमट पाणी, म्हणजे चाळीस अंशांचे, द्यावयाचे ठरवले आणि नळाचे पाणी वीस अंशांचे धरले, तर दोन हजार लिटर पाणी वीस अंशांनी तापवावे लागते. त्याला सुमारे ४६ युनिट उष्णता लागते. विजेच्या गिझरने हे काम केले तर रोज तितकीच वीज, हिवाळ्याच्या १२० दिवसांत साडेपाच हजार युनिट. युनिटचा दर दहा रुपये धरला, तरी एका हिवाळ्याचे पंचावन्न हजार रुपये होतात. हेच पाणी उघड्या चुलीवर तापवले, तर उष्णतेचा मोठा भाग वाऱ्यावर जातो. शंभरातील पंधरा हिस्से भांड्याला लागले तरी नशीब. त्या हिशेबाने रोज सत्तर किलो सरपण लागते, म्हणजे हिवाळ्यात आठ टनांहून अधिक लाकूड. ज्या जिल्ह्यांत झाडांचे आच्छादन आधीच विरळ आहे, तेथे हे लाकूड कोठून येते आणि ते गोळा करणाऱ्या बाईचे किती दिवस त्यात जातात, याची नोंद कोणत्याही खतावणीत नसते.

आता तिसरा हिशेब. मराठवाड्यात दर चौरस मीटरला रोज सरासरी पाच युनिटांच्या आसपास सौर उष्णता पडते. साधा सौर बंब तीतील निम्म्याच्या जवळपास उष्णता पाण्यात उतरवतो. म्हणजे वीस चौरस मीटरचे संग्राहक आणि एक हजार लिटरची आवरण घातलेली टाकी एवढ्यावर या वसतिगृहाचे काम होते. टाकीतील पाणी साठ अंशांवर जाते. त्यात तितकेच थंड पाणी मिसळले की प्रत्येक मुलाला दोन बादल्या मिळतात. वीस चौरस मीटर म्हणजे एका मध्यम खोलीचे छत. वसतिगृहाला तेवढे छत असतेच.

यात आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. गरम पाण्याची गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सर्वाधिक असते, आणि मराठवाड्यात नेमके याच काळात आकाश निरभ्र असते. ढगाळ जुलै-ऑगस्टात बंब थंडावतो खरा. परंतु तेव्हा आंघोळीला ऊन पाणी नसले तरी निभावते. कंधार साधारण एकोणिसाव्या अक्षांशावर आहे. संग्राहकाचा कल अक्षांशापेक्षा पंधरा अंशांनी अधिक, म्हणजे चौतीस अंशांच्या सुमारास ठेवला, तर हिवाळ्यातील दक्षिणेकडे कललेला सूर्य त्यावर नीट पडतो. गरज आणि पुरवठा यांचा असा मेळ निसर्ग क्वचितच घालून देतो.

विजेचे कॉइल लावून पाणी तापवणे हे तर अर्थशास्त्राच्या व पदार्थविज्ञानाच्या दोन्ही कसोट्यांवर उधळपट्टीचे आहे. औष्णिक केंद्रात कोळसा जाळून जी उष्णता निर्माण होते, तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेच्या रूपाने बाहेर पडतो; उरलेली उष्णता शीतक मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून हवेत जाते. मग ती वीज शेकडो मैल तारांतून आणावयाची आणि पुन्हा तिची उष्णताच करावयाची. शिवाय ही केंद्रे पाणी पितात. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे मराठवाडा विसरलेला नाही. ज्या प्रदेशात माणसाला प्यायला पाणी आगगाडीने येते, त्या प्रदेशात आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी शीतक मनोऱ्यातून पाण्याची वाफ करावी, ही गोष्ट समंजस नियोजनात बसत नाही.

लातूरचा अनुभव

हे सारे कागदावरचे आहे, असे म्हणून बाजूला सारता येणार नाही. लातूर येथील महानंद दुग्धशाळेत २००६ साली १६० चौरस मीटर आरशांची एक प्रचंड तबकडी उभी करण्यात आली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. शिरीष केदारे यांचे संशोधन आणि क्लिक ही मुंबईची कंपनी यांच्या सहकार्यातून ती तयार झाली. तिला नाव दिले ‘अरुण’. ही तबकडी दिवसभर सूर्याबरोबर फिरते, त्याचे किरण एका बिंदूवर एकवटते, आणि तेथे दाबाखालील पाणी उकळबिंदूच्याही पुष्कळ वर तापते. त्या पाण्याच्या उष्णतेने दुधाचे पाश्चरीकरण होते. पाश्चरीकरणाला दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद न्यावे लागते; हे तापमान सूर्यासाठी अवघड नाही. पूर्वी जे काम भट्टीतेल जाळणारा बाष्पक एकटा करीत होता, त्याचा काही भार सूर्याने उचलला. देशी आराखडा, देशी सामग्री आणि मराठवाड्यातील दूधउत्पादकाचे दूध, असा हा योग होता.

नगर जिल्ह्यातील शिर्डीचे उदाहरण अधिक परिचित आहे. तेथील प्रसादालयाच्या छतावर २००९ साली प्रत्येकी सोळा चौरस मीटरच्या ७३ तबकड्या बसवण्यात आल्या. त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा भात-वरण शिजू लागले. त्यापूर्वी तिरुपतीलाही अशाच १०६ तबकड्या बसल्या होत्या. शिर्डीच्या प्रकल्पाला केंद्र सरकारच्या अनुदानाचा हातभार लागला, आणि तो लागला यात वावगे काही नाही. परंतु श्रद्धास्थानाच्या भटारखान्यावर जे तंत्र चालते, ते आश्रमशाळेच्या भटारखान्यावर चालणार नाही, असे म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही. फरक एवढाच की एका ठिकाणी सधन विश्वस्त मंडळ, स्वतःचे अभियंते आणि देखभालीला पैसा आहे. दुसऱ्या ठिकाणी एक अधीक्षक, दोन स्वयंपाकीणबाया आणि पुढच्या हप्त्याची वाट पाहणारे अनुदान आहे.

किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील आश्रमशाळा, कंधार-लोह्याच्या परिसरातील वसतिगृहे, तालुक्यातालुक्यातील ग्रामीण रुग्णालये या सगळ्यांना लातूरच्या तबकडीएवढे यंत्र लागत नाही. त्यांचे काम बहुतांशी साध्या बंबाने आणि सुधारलेल्या चुलीने भागते. जनावरे किंवा मोठी शौचालये जेथे आहेत, तेथे गोबरगॅसचे संयंत्र जोडीला येऊ शकते. हेही नवे नाही: माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून गॅस करण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला होता. सव्वाशे वर्षांपूर्वी जे मुंबईच्या सर्वांत तिरस्कृत माणसांच्या इमारतीत जमले, ते आज जमू नये याचे कारण तंत्रात सापडणार नाही.

धोरण कोठे वळले

मग ते सापडेल कोठे? यासाठी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या धोरणाकडे पाहावे लागते. १९७३ च्या तेलसंकटाने जगाचे डोळे उघडले. भारतात १९८१ मध्ये अतिरिक्त ऊर्जास्रोतांसाठी आयोग नेमला गेला, १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. महाराष्ट्रातही याच दशकात ‘महाऊर्जा’ स्थापन झाली. त्या काळातील भाषा चुलीची, गोबरगॅसची, सौर कुकरची आणि बंबाची होती. उणिवा पुष्कळ होत्या; उद्दिष्टांची संख्या भरून काढण्यासाठी वस्तू वाटावयाच्या आणि पुढे तिकडे फिरकावयाचे नाही, हा रोग तेव्हाही होता. तथापि ऊर्जा म्हणजे काय, याची कल्पना घराच्या व गावाच्या गरजेवरून केलेली होती.

२०१० च्या जानेवारीत राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा त्यात २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॅट वीज आणि त्याबरोबर दोन कोटी चौरस मीटर सौर उष्णता-संग्राहक अशी दोन उद्दिष्टे शेजारीशेजारी होती. पुढे काय झाले? २०१४ मध्ये सौर बंबांचे केंद्रीय अनुदान बंद करण्यात आले. २०१५ मध्ये विजेचे उद्दिष्ट पाचपट वाढवून एक लाख मेगावॅट करण्यात आले. उष्णतेविषयी मात्र कोणी बोलेनासे झाले. सूर्य म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे शेकडो एकरांवरचे सौर प्रकल्प, असे समीकरण रूढ झाले.

हा बदल अपघाताने झालेला नाही. वीज तारांतून वाहते, मोजता येते, पंचवीस वर्षांच्या कराराने विकता येते, तारण ठेवता येते. उष्णतेचे तसे नाही. कंधारच्या वसतिगृहाच्या छतावर तापलेले पाणी मुंबईच्या बाजारात विकता येत नाही. ते तेथेच, त्याच दिवशी, त्या मुलांनीच वापरावे लागते. त्याला उपयोगमूल्य भरपूर आहे, विनिमयमूल्य जवळजवळ नाही. जी वस्तू विकता येत नाही, तिच्यात भांडवलाला रस असत नाही. आणि ज्यात भांडवलाला रस नाही, ते धोरणाच्या मसुद्यातून हळूहळू गळून पडते. त्यासाठी कोणी कट करावा लागत नाही. नफ्याचा नियम आपले काम निमूटपणे करीत असतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या केंद्रीय योजनेतून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर वीज बसवण्याचे ठरले. ज्यांना स्वतःचे पक्के छप्पर आहे, त्यांच्या दृष्टीने ही सोय चांगलीच आहे. परंतु ज्याचे छप्पर पत्र्याचे व गळके आहे आणि ज्याचे मूल वसतिगृहात राहते, त्याच्या वाट्याला यातून काय येते? त्याचे पक्के छप्पर एकच: शाळेचे, वसतिगृहाचे, रुग्णालयाचे. म्हणूनच सार्वजनिक इमारतीचे छप्पर ही निर्धनांची सामायिक मालमत्ता आहे असे मानून तिचा विचार झाला पाहिजे.

साठवणीचा विचार

कंधारला हा विचार परका वाटू नये. तेथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर आजही गावाच्या इतिहासाची खूण म्हणून उभा आहे. चार महिने पडणारे पाणी बारा महिने पुरावे म्हणून साठवावयाचे, आणि ती साठवण एकट्यादुकट्याच्या ऐपतीबाहेरची असल्याने सर्वांसाठी एकत्र करावयाची, हे तत्त्व या भूमीला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. उष्णतेलाही तेच तत्त्व लागू पडते. सूर्य दुपारी तापतो, गरज पहाटे असते. मधल्या सोळा-सतरा तासांसाठी उष्णता साठवावी लागते, आणि ती साठवण्याचे सर्वांत स्वस्त साधन विजेची बॅटरी नसून आवरण घातलेली पाण्याची टाकी हे आहे.

डेन्मार्कने हेच मोठ्या प्रमाणावर करून दाखवले. तेलसंकटानंतर १९७९ मध्ये तेथे उष्णतापुरवठ्याचा कायदा झाला. गावागावांना नळाने गरम पाणी पुरवावयाचे, त्याचे नियोजन नगरपालिकेने करावयाचे, आणि या व्यवसायात नफा काढावयाचा नाही, असे तत्त्व त्याच्या मुळाशी होते. मार्स्टाल या लहानशा बेटावरील गावात ग्राहकांच्याच मालकीच्या सहकारी संस्थेने तेहतीस हजार चौरस मीटरच्या वर संग्राहक बसवले आणि ७५ हजार घनमीटरचा झाकलेला खड्डा पाण्याने भरून त्यात उन्हाळ्याची उष्णता हिवाळ्यासाठी राखून ठेवली. शाळा, दवाखाना, घरे सगळी त्याच नळावर आहेत. त्या देशात सूर्यप्रकाश आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे. अधिक आहे ती सार्वजनिक संघटना. ज्या महाराष्ट्राने साखर, दूध आणि सूत यांचे सहकार उभे केले, त्याला उष्णतेचा सहकार अशक्य वाटावा, ही स्थिती विचार करावयास लावणारी आहे.

काही आक्षेप

या मांडणीवर प्रामाणिक आक्षेप घेता येतात, आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप तंत्राचा आहे. सौर विजेची पॅनेले गेल्या दीड दशकात इतकी स्वस्त झाली आहेत की, त्यांच्यावर उष्मा-पंप चालवला तर एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळते. मग बंबाचा आग्रह कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे. डेन्मार्कातही आता मोठे उष्मा-पंप बसत आहेत. मोठ्या रुग्णालयात, जेथे वीज अखंड मिळते आणि दुरुस्तीला माणूस आहे, तेथे हा मार्ग उत्तमच ठरेल. परंतु जेथे वीज तासन्‌तास जाते आणि जवळचा कारागीर चाळीस मैलांवर आहे, तेथे ज्यात फिरता भाग एकही नाही असे साधन अधिक टिकाऊ. उपकरणाची पूजा करण्याचे कारण नाही. पहाटे पाणी गरम मिळाले की नाही, ही एकच कसोटी खरी.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. वसतिगृहांच्या गच्चीवर फुटक्या नळ्यांचे, गंजलेल्या टाक्यांचे बंब पडून असलेले कार्यकर्त्यांनी पाहिले आहेत. हे खरे आहे आणि त्याची कारणे उघड आहेत. मराठवाड्यातील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार नळ्यांत बसतात आणि दोन-तीन वर्षांत वाट बंद होते. यावर उपाय आहेत: संग्राहकातून बंद फेऱ्यातील निराळे पाणी फिरवावयाचे आणि त्याची उष्णता टाकीत उतरवावयाची, किंवा वर्षातून एकदा सौम्य आम्लाने नळ्या साफ करावयाच्या. पण साफ कोणी करावयाच्या? येथेच आपल्या सार्वजनिक अर्थकारणाचे व्यंग उघडे पडते. भांडवली खर्चाला मंजुरी मिळते, कारण त्यात निविदा असते, ठेकेदार असतो, उद्घाटन असते. महसुली खर्चातील देखभालीच्या दोन-चार हजारांना मात्र कोणी वाली नसतो. बंद पडलेला बंब हे तंत्राचे अपयश नाही. ज्या अंदाजपत्रकात यंत्र असते आणि माणूस नसतो, त्या अंदाजपत्रकाचे ते अपयश आहे.

तिसरा आक्षेप चळवळीच्या आतून येतो. मजुरी, जमीन, पीकविमा, हमीभाव हे प्रश्न पेटलेले असताना गरम पाण्याची चर्चा ही मध्यमवर्गीय चैन नव्हे काय? या विचारसरणीने चळवळीचे नुकसानच केले आहे. मजुराचे खरे वेतन केवळ हातात पडणाऱ्या रोखीने ठरत नाही. मुलाचे शिक्षण, बायकोचे बाळंतपण, आजारपणातील औषध या सार्वजनिक सेवा कशा मिळतात, यावरही ते ठरते. भाई केशवराव धोंडगे यांनी कंधारात उभारलेल्या शिक्षणसंस्थेच्या नावातच ‘मोफत’ हा शब्द आहे. शिक्षणाची वाट ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होती, त्यांच्या मुलांना ती खुली करावयाची, तर फी माफ करून भागत नाही; राहणे, जेवणे आणि आरोग्य यांचीही तजवीज करावी लागते, हे वसतिगृहांच्या चळवळीने महाराष्ट्राला शिकवले. शाहू महाराजांपासून कर्मवीर भाऊरावांपर्यंतची परंपरा हेच सांगते. थंडीने कुडकुडत बसलेला मुलगा पहिल्या तासाला काय शिकतो, हा शिक्षणाच्या समतेचाच प्रश्न आहे.

आणि चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रीचे काय? शालेय पोषण आहाराचा स्वयंपाक हजारो गरीब स्त्रिया तुटपुंज्या मानधनावर करतात. जेथे गॅस पुरत नाही तेथे त्या लाकडाच्या धुरात बसतात. शाळेचे जेवण दुपारचे असते, म्हणजे सूर्य माथ्यावर असतानाच. तांदूळ-डाळीचे आधण जरी सौर बंबाच्या साठ अंशांच्या पाण्याने ठेवले, तरी वीस अंशांपासून शंभर अंशांपर्यंतच्या प्रवासाचा निम्मा टप्पा सूर्यानेच ओलांडलेला असतो. तेवढे इंधन आणि तेवढा धूर वाचतो. त्यासाठी आरशांची तबकडीही लागत नाही. टाकीपासून चुलीपर्यंत आवरण घातलेला एक नळ लागतो.

नको असलेली उष्णता

या प्रश्नाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. हिवाळ्यात जी उष्णता मिळवावयाची, ती एप्रिल-मेमध्ये इमारतीबाहेर ठेवावयाची असते. मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे हे काम उत्तम करीत. जाड भिंती, लाकडी आढ्यावर मातीचा जाड थर. आत दुपारी गारवा आणि रात्री ऊब. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्याच मातीखाली आणि दगडांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर लोकांनी माळवद सोडले, आणि ते सोडण्यात शहाणपणच होते. मात्र त्याच्या जागी पत्रा आणि काँक्रीटचा सपाट स्लॅब आला, तेव्हा भूकंपाची भीती गेली आणि उष्णतेची आली. पत्र्याखालील अंगणवाडीत किंवा स्लॅबखालील प्रसूतिकक्षात मे महिन्यात बसून पाहावे, म्हणजे याचा अर्थ कळतो.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. गच्चीला दर उन्हाळ्याच्या तोंडी चुन्याचा पांढरा हात, पत्र्याखाली हलके छत, पश्चिमेच्या भिंतीला सावली, आणि वाऱ्याला आरपार वाट. सौर संग्राहक व पॅनेले योग्य अंतर राखून बसवली, तर तीही गच्चीवर सावली धरतात. लडाखमध्ये दक्षिणेकडची भिंत काचेने झाकून शाळा उबदार ठेवतात. मराठवाड्यात पश्चिमेची भिंत झाकून ती गार ठेवावयाची. दोन्हींमागे शास्त्र एकच आहे. परंतु शासकीय इमारतींचे नमुने एका ठिकाणी ठरतात आणि ते कोकणातील पावसाला व मराठवाड्यातील उन्हाला सारखेच लावले जातात, तोवर या शास्त्राला शिरकाव मिळणे कठीण आहे.

कार्यकर्त्यांपुढील काम

मागणी नेमकी असेल तरच तिचा पाठपुरावा करता येतो. म्हणून पहिले काम मोजणीचे आहे. प्रत्येक तालुक्यातील वसतिगृहे, आश्रमशाळा आणि रुग्णालये यांना भेट देऊन चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: पाणी कशाने तापते, रोज किती, त्यावर वर्षाला किती खर्च होतो, आणि गच्चीवर बंब असल्यास तो चालू आहे काय. बंद असेल तर कधीपासून आणि कशाअभावी. अशी यादी हाती असलेला कार्यकर्ता जिल्हा नियोजन समितीपुढे उभा राहिला, तर त्याला घोषणांनी परतवता येत नाही.

दुसरी मागणी अंदाजपत्रकाची. नव्या यंत्राच्या मंजुरीबरोबर दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद त्याच कागदावर झाली पाहिजे, आणि ठेकेदाराचे शेवटचे बिल पहिला हिवाळा पार पडल्यावर, विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींच्या सहीने निघाले पाहिजे. तिसरी मागणी रोजगाराची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून दरवर्षी नळकारागीर आणि वीजतंत्री बाहेर पडतात व कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे जातात. तालुक्यातील सर्व सार्वजनिक इमारतींच्या देखभालीचे काम अशा पाच-सहा तरुणांच्या सहकारी संस्थेला दिले, तर बंबही चालू राहतील आणि तरुणही गावी राहतील. कामाचा हक्क कायद्याने प्रथम मान्य करणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड वाटू नये.

चौथे काम केंद्राच्या धोरणाशी भांडण्याचे आहे. विजेच्या लाखो मेगावॅटांच्या जाहिरातीत सौर उष्णतेचे उद्दिष्ट पुन्हा आणावयाचे, आणि त्यात सार्वजनिक संस्थांचा पहिला हक्क मान्य करून घ्यावयाचा. सौर प्रकल्पांना शेकडो एकर जमीन देणाऱ्या शासनाकडे वसतिगृहाच्या गच्चीवरील वीस चौरस मीटरसाठी पैसा नाही, ही सबब विधिमंडळात आणि रस्त्यावर दोन्हीकडे खोडून काढली पाहिजे.

सूर्य सर्वांना सारखा तापतो, असे म्हणतात. तापतो तो सारखा. त्याची उष्णता मात्र ज्याच्याकडे टाकी आणि नळ आहे, त्यालाच पहाटे मिळते. ती टाकी आणि तो नळ सार्वजनिक करावयाचा, एवढाच हा प्रश्न आहे. येत्या नोव्हेंबरात पहिली थंडी पडेल, तेव्हा कंधारच्या, किनवटच्या आणि अहमदपूरच्या वसतिगृहांतील मुले नळाखाली बादली धरतील. त्या बादलीत हात घालून पाहण्याचे काम तरी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी या हिवाळ्यात करावे.